मित्राचा फोन बघायला घेतला, हातातून पडला आणि स्क्रीन फुटली. तो पूर्ण डिस्प्लेचे पैसे मागतोय. मी द्यावेत का?

अर्धे द्या. तेही बिल बघून आणि थेट दुकानदाराला. मित्राच्या हातात रोख ठेवू नका. का, ते सांगतो, जरा लांबेल.

आम्ही हरिपूरचे, सांगलीला लागूनच. गौरीजेवणाचा दिवस होता. आई पाटावर बसून पुरणपोळ्या लाटत होती आणि आमच्यात पोळी तेलावर लाटतात, त्यामुळे हात मनगटापर्यंत तेलाचे. तेवढ्यात चुलतभाऊ आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि "काकू, पोरीच्या बारशाचे फोटो बघा की" म्हणत फोन पुढे केला. आई म्हणाली, "अरे हात तेलाचे हायत, तूच दाखव." ह्यानं फोन तिच्या तळहातावर ठेवला. "काय होत नाय काकू, गोरिला ग्लास हाय. बोटानं सरकवा."

ती फोटो सरकवायला गेली तर फोनच सरकला. वीतभर उंचीवरून शहाबादी फरशीवर, कोपऱ्यावर. काच तडकली. खाली पोरीचा फोटो मात्र स्वच्छ दिसत होता, टचही चालत होता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या वेळी तो काही बोलला नाही, दोन पोळ्या खाऊन गेला. रात्री काकांचा आप्पांना फोन. "पोराचा फोन नवा हाय, सर्व्हिस सेंटरनं साडेचौदा हजार सांगितल्यात." आप्पा काही बोलायच्या आत आईनं भिशीचे पैसे काढले. "माझ्या हातातनं पडला न्हवं? विषय संपला." तिच्यापुरता संपला.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. पुढून काच, मागून काच अशी वस्तू खिशात घेऊन फिरायची हौस ज्याची, तिच्या ठिसूळपणाची निम्मी जोखीम त्याची. कव्हर घालत नव्हता, कारण म्हणे रंग झाकला जातो. आणि फोनच्या त्याच कोपऱ्यावर आधीपासून टवका होता. मी स्वतः पाहिला होता, गणपती आणायला गेलो तेव्हा गाडीच्या होल्डरमध्ये फोन होता.

टवका एवढा का महत्त्वाचा? फोनची काच पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात बुडवून कडक करतात. काचेतले छोटे सोडियमचे कण बाहेर पडतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे कण घुसतात आणि वरचा थर आतून आवळला जातो. सगळी ताकद त्या पातळ थरात असते. टवका किंवा खोल ओरखडा त्या थराच्या पार गेला की तिथून तडा पळायला वीतभर उंचीही पुरते. वाळूतला गारगोटीचा (क्वार्ट्झचा) कण काचेहून कठीण असतो, त्यामुळं 'गोरिला' नाव ऐकून किल्ल्या आणि धुळीच्या खिशात फोन कोंबणाऱ्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. युरोपात 20 जून 2025 पासून नव्या फोनच्या लेबलवर तो पडणं कितपत सोसतो याची श्रेणी छापावी लागते. आपल्याकडं खोक्यावर मेगापिक्सेल वाचायचे आणि घरी यायचं.

कंपनीकडून काही मिळेल ही आशा सोडा. वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, पडण्याला नसते. ग्राहक आयोगातही दोन मित्रांचं भांडण चालत नाही, तिथं विकणारा किंवा सेवा देणारा समोर लागतो.

कायदा विचारलात तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 बघा. दुसऱ्याची वस्तू ताब्यात आली तर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. कलम 152 म्हणतं की तेवढी घेऊनही नुकसान झालं आणि वेगळा काही करार नसेल, तर तुम्ही जबाबदार नाही. त्याआधीचं 150 सांगतं की वस्तूतला ठाऊक असलेला दोष देणाऱ्यानं आधी सांगावा. माझा वकील मित्र म्हणतो, क्षणभर हातात दिलेला फोन यात बसतो का यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला एकच बाजू पुरते.

आता खरी गोष्ट. भाऊबीजेला चुलतभाऊ घरी आला, तर दर वेळी आकडे दाबून फोन उघडतोय. आधी स्क्रीनवर बोट टेकवून उघडायचा. विचारलं तर म्हणे, "बोट धरत नाय आजकाल." हातात घेऊन पाहिला. काळा रंग राखाडी, कडेची पट्टी जाड. मी समजलो. स्क्रीनखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर ओलेड, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या, पडद्याच्या आरपार बघतो. बाजारातला स्वस्त कॉपी डिस्प्ले बहुतेक वेळा एलसीडी असतो, त्याच्या मागे प्रकाशाचा थर येतो आणि सेन्सर आंधळा होतो. म्हणजे पैसे ओरिजिनलचे घेतले आणि बसवली कॉपी. मी तोंड उघडलं, पण आईनं डोळे वटारले. तेव्हापासून लग्नाकार्यात भेटलो की तो म्हणतो, "वस्तू ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची." मी म्हणतो, बिल दाखव. अजून दाखवलेलं नाही.

तर तुम्ही बिल मागा. मित्रानं फोनचा विमा किंवा स्क्रीनचा प्लॅन काढलाय का ते विचारा. असेल तर त्याला थोडीच रक्कम भरावी लागते, त्यातली निम्मी तुम्ही भरा. नुसती वरची काच गेली असेल आणि आतला पडदा शाबूत असेल, तर मशीन असलेल्या दुकानात फक्त काच बदलून मिळते, खर्च बराच कमी येतो. सर्व्हिस सेंटर तसं करत नाही, पूर्ण डिस्प्लेच बदलतं. काच काढताना पडदा जाण्याचा धोका मात्र असतो, ते आधी बोलून घ्या.

हो, आणि न विचारता उचलला असेल, किंवा तो नको म्हणताना खेचून घेतला असेल, तर वरचं सगळं विसरा आणि पूर्ण पैसे द्या. तुम्ही प्रश्नात ते लिहिलेलं नाही.

पैसे दिलेत तर काढलेला जुना डिस्प्ले मागून घ्या. आतला पडदा चालू असेल तर दुकानदार तो विकत घेतात, नवी काच बसवून पुन्हा विकतात. आमच्या भावानं त्याचे किती घेतले, तेही एकदा कळायला हवं.