शोधाधारित अध्यापनासाठी लर्निंग डिझाईनचं टूल कसं पारखायचं?

बी.एस्सी.ला शोधाधारित पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वतः प्रश्न काढून उत्तर शोधावं असं शिकवायचंय, तर लर्निंग डिझाईनचं, म्हणजे तासातल्या कृतींचा आराखडा आखायचं, कोणतं टूल घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी रसायनशास्त्र शिकवते. फीचर्सची यादी बाजूला ठेवा आणि स्वतःचं एक प्रात्यक्षिक त्या टूलमध्ये मांडून बघा.

मी पाण्याच्या कठीणपणाचं घेतलं, ईडीटीए टायट्रेशन: ब्युरेटमधून (मापाच्या नळीतून) ईडीटीए हे रसायन पाण्यात थेंबथेंब सोडायचं, पाणी जितकं कठीण तितकं ते जास्त लागतं. टूल होतं 'लर्निंग डिझायनर'. लंडनच्या यूसीएलमध्ये डायना लॉरिलार्ड यांच्या पुढाकाराने झालेलं, मोफत. त्यात प्रत्येक कृतीला प्रकार द्यायचा: वाचन-श्रवण, शोध, चर्चा, सराव, सहकार्य किंवा निर्मिती. मिनिटं घातली की पाय चार्ट तयार होतो. माझा चार्ट बघून मी हबकलेच. दोन तासांत शोधाला एक मिनिटही नव्हतं! लालसर रंग निळा झाला की रीडिंग घ्या, जर्नल पुरं करा, सगळा सरावच. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण प्रकार ठरवणारे आपणच असतो. 'गुगलवर माहिती काढा' यालाही 'शोध' म्हटलं की चार्ट छान दिसतो, मुलं मात्र होती तिथेच राहतात. म्हणून मी चार्टपेक्षा आराखडा किती सहज बदलता येतो ते बघते. एका विद्यार्थिनीने घरच्या विहिरीचं आणि बोअरचं पाणी आणलं. बोअरच्या पाण्याला ईडीटीए जवळजवळ दुप्पट लागलं. ब्युरेटकडे बघत ती म्हणाली, "मॅडम, जमीन तर एकच आहे, मग असं का?" पुढचे दोन आठवडे वर्ग त्या प्रश्नामागे होता. तिथे मला मधल्या कृती सरकवून नव्या घालता आल्या. जिथे हे जमत नाही, ते टूल मी घेणार नाही.

युरोपातल्या गो-लॅब प्रकल्पातलं 'ग्रास्प'ही बघा. त्यात प्रश्नापासून गृहीतक, तपासणी, निष्कर्षापर्यंतचे टप्पे तयार मिळतात आणि गृहीतक मांडायला वेगळी सोय आहे. ते मुख्यतः शाळांसाठी झालंय, त्यामुळे पहिल्या वर्षाला बरं पडेल. तिसऱ्या वर्षाला ते टप्पे जाचतील असं मला वाटतं. मुलांच्या नोंदी मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर) राहणार की आणखी कुठे, तेही आधीच ठरवा.

ठरवण्यापूर्वी तयार आराखडा शेजारच्या टेबलावरच्या सरांना वाचायला द्या. या तासाला प्रश्न कोण काढणार, शिक्षक की मुलं, हे त्यांना तुम्हाला न विचारता सांगता आलं, तर खुशाल घ्या ते टूल.