कानातली शिट्टी कमी-जास्त होते, कान दडे बसल्यासारखे वाटतात. यासोबत कसं राहायचं?

मलाही आहे. घोडबंदर रोडला राहतो. दिवसभर ट्रकच्या घरघरीत शिट्टी जाणवत नाही, रात्री खिडकी लावली की सुरू. म्हणून पंखा थंडीतही चालू ठेवतो, एक नंबरवर. पूर्ण शांतता टाळायची, एवढं एक जमलं तरी बरीच झोप लागते.

आधी ईएनटीकडून (कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून) कान तपासून घ्या. कधी नुसता मळ निघतो. कधी नाकामागून मधल्या कानात जाणारी युस्टेशियन नळी सर्दीने सुजलेली असते. गिळताना ‘टक’ होऊन क्षणभर मोकळं वाटत असेल तर बहुधा तीच. ऑडिओमेट्रीसोबत (ऐकू किती येतं त्याची तपासणी) टिम्पॅनोमेट्रीही करा, पडद्यामागचा दाब तिच्यातच कळतो. कानात कोमट तेल आणि कापसाचे इअरबड बंद (आई ऐकणार नाही, तरी).

जागरण, ताण, सर्दी यांनी आवाज वाढतो. आज किती आहे हे तपासत बसलात तर आणखी वाढतो.

सोबत गरगरत असेल तर मेनिएर (आतल्या कानाचा आजार) आहे का ते विचारा. नाडीच्या ठोक्यावर आवाज येत असेल तर तेही सांगा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच जास्त होतो.