मनाली-लेहला निघण्याआधी

बाइकची सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नकोस. पंधरा दिवस आधी उरकून घे आणि मग सगळं सामान बांधून माळशेज घाट चढून-उतरून ये. काय सैल होतंय, काय घासतंय, ते घराजवळच कळू दे. क्लच केबल नवीन टाक आणि तिच्या शेजारूनच दुसरी केबल ओढून, टोकांना टेप लावून ठेव. तुटली तर नुसती टोकं जोडायची, टाकी उतरवायला लागत नाही.

मनालीहून जाताना लागणारं टंडी गाव सोडल्यावर लेहच्या अलीकडच्या कारूपर्यंत, म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर, पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नकोस. टाकी फुल्ल आणि वर पाच लिटरचा कॅन.

जड सामान खाली, सीटला चिकटून. कॅरियरवर उंच रचलंस तर चढणीला पुढचं चाक हलकं पडतं.

तंबू साधा चालेल, स्लीपिंग बॅगमध्ये मात्र काटकसर नको. वाटेतला मुक्काम सर्चू जवळपास ४,३०० मीटरवर आहे, जुलैतही रात्री हाडं गोठतात. बॅगेवरचा ‘कम्फर्ट’चा आकडा बघ, म्हणजे किती थंडीत आरामात झोप लागेल तो; ‘लिमिट’चा, म्हणजे कशीबशी रात्र निघेल तो, नाही. खाली मॅट हवीच, थंडी जमिनीतूनच चढते.

आणि मनालीहून थेट सर्चू गाठू नकोस रे. पहिला मुक्काम त्याच्या अलीकडे, कमी उंचीवरच्या जिस्पाला कर, शरीराला उंचीची सवय होऊ दे.