कोड लिहिण्याआधी तोंड उघडा

प्रश्न : फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या टेक कंपनीची ऑनलाइन चाचणी पास झालो. आता व्हिडिओवर कोडिंगची मुलाखत आहे. एकटा असताना प्रॉब्लेम सुटतात, समोर कोणी असलं की सुचत नाही. काय करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : अशी मुलाखत साधारण 45 मिनिटांची. प्रॉब्लेम मिळताच टाइप करायला लागू नका; आधी चार-पाच मिनिटं प्रश्न विचारा. समजा, यादीतल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज 6 होते ते शोधायचंय. यादी क्रमाने लावलेली आहे का? जोडी नसेल तर काय परत द्यायचं? यादी केवढी? एक लाख संख्या असल्या तर जोड्या होतात सुमारे 500 कोटी, म्हणजे प्रत्येक जोडी तपासणारा दुहेरी लूप बाद. तरी तो मार्ग आधी बोलून दाखवा, का नको ते सांगा, मग हॅशमॅपकडे, म्हणजे पाहिलेल्या संख्या साठवून झटक्यात शोधून देणाऱ्या रचनेकडे, वळा. यादी क्रमाने असेल तर दोन्ही टोकांकडून आत सरकत या. जादा मेमरी लागत नाही.

इथे हमखास चुकतं ते असं : यादी 3, 2, 4. पहिला 3 आधी मॅपमध्ये घातला आणि मग उरलेले 3 शोधले, तर तो स्वतःलाच सापडतो. आधी शोधा, मग घाला. कोड हाताने चालवून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही. शेवटची सात-आठ मिनिटं त्यासाठी राखा.

सराव ऑटोकम्प्लीटशिवाय, साध्या डॉक्युमेंटमध्ये, मित्राला समोर बसवून मोठ्याने करा. इंग्रजी अडखळलं तर बिघडत नाही. गप्प राहिलात तर मात्र तुम्ही कुठे अडलात ते समोरच्याला कळत नाही आणि तो इशाराही देऊ शकत नाही. पावसाळ्यात मुलाखत असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

स्वभाव आणि कामाबद्दलही विचारतात. अ‍ॅमेझॉनची तर त्यासाठी 16 तत्त्वं आहेत. प्रोजेक्टमधले पाच-सहा प्रसंग तयार ठेवा. आपल्याकडे 'आम्ही केलं' म्हणायची सवय. तिथे तुम्ही स्वतः काय केलंत तेच ऐकायचं असतं.

प्रश्न : मुलीला बंगळुरूची ऑफर आलीय. वार्षिक आकडा मोठा आहे, पण महिन्याला हातात किती येणार? – एक पालक, डिचोली

उत्तर : आकडा फोडून मागा : ठरलेला पगार, बोनस, शेअर. शेअर बहुधा चार वर्षांत विभागून मिळतात. जॉइनिंग बोनस एकदाच, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बरेचदा परत करावा लागतो. घरभाड्याचा हिशेब ठरलेल्या पगारातून पीएफ आणि कर वजा करूनच मांडा.