ऑनलाइन व्हिडिओ क्लिप्समुळे पॉप कल्चर आणि मीडिया खरंच बदलला का, की नुसताच बोलबाला आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘लोक आधीही डायलॉग मारायचे, गाणी तोंडात घोळवायचे, आता तेच फोनवर चालतं, मग बदललं काय?’ शंका रास्त आहे. मी व्हिडिओ एडिटिंग करतो. दिवसाचा निम्मा वेळ लांबलचक मुलाखतींतून तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे काढण्यात जातो. तेव्हा हे उत्तर त्या खुर्चीतून आलंय, असं धरून वाचा.

बदल झालाय. क्लिपांमुळे लोकांचं लक्ष टिकत नाही, हे सगळेच बोलतात, ते बाजूला ठेवू. मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. पूर्वी कार्यक्रम व्हायचा आणि त्यातून क्लिप निघायची. आता क्लिप निघावी म्हणून कार्यक्रम होतो. कापड विणतानाच कात्री कुठून फिरणार हे ठरलेलं असतं.

हे एका रात्रीत झालं नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा. संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांची सोंड किती लांब असते ते सांगतात. १९ सेकंद, संपलं. त्या वेळी टीव्हीवाल्यांना हा पोरखेळ वाटला असेल तर नवल नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमातलं एक विनोदी रॅप कुणीतरी तिथे चढवलं आणि ते वणव्यासारखं पसरलं. एनबीसी वाहिनीने फेब्रुवारीत ते काढायला लावलं, आणि जूनमध्ये त्याच एनबीसीने त्याच यूट्यूबशी प्रसिद्धीसाठी हातमिळवणी केली. चार महिन्यांत कोलांटउडी! व्हायाकॉम ही माध्यम कंपनी मात्र हट्टाला पेटली. आपले कार्यक्रम परवानगीशिवाय चढवले जातात म्हणून २००७ मध्ये तिने यूट्यूबवर १ अब्ज डॉलरचा दावा ठोकला. तो रेंगाळत २०१४ मध्ये आपसात मिटला.

खरी मांडवली कोर्टात झालीच नाही, ती यूट्यूबच्या कंटेंट आयडीने केली. ही यंत्रणा २००७ मध्येच आली. मालकाने आपलं मूळ चित्रण किंवा गाणं तिच्याकडे देऊन ठेवायचं. मग कुणीही काहीही चढवलं की ते त्याच्याशी ताडून बघितलं जातं. जुळलं तर मालकापुढे पर्याय: अडवा, किंवा राहू द्या आणि त्यावरच्या जाहिरातीचे पैसे तुम्ही घ्या. राहू देण्यात पैसा आहे हे कळल्यावर चोरीची ओरड बरीच थंडावली. उलट आपल्या कार्यक्रमाचे तुकडे लोकांनी पळवावेत, अशी धडपड सुरू झाली.

गाण्यांच्या बाबतीत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. ‘गंगनम स्टाईल’ हा १ अब्ज व्ह्यूज गाठणारा यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, डिसेंबर २०१२ मध्ये. (व्ह्यूज मोजायचा तिथला कप्पा २,१४,७४,८३,६४७ वर भरायचा. हे गाणं त्याच्याही पुढे जाणार म्हणून कप्पा मोठा करावा लागला. एडिटर लोकांचा हा आवडता किस्सा.) पण खरा फरक त्यानंतर दोन महिन्यांनी पडला. फेब्रुवारी २०१३ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी संगीत मासिकाने गाण्यांची क्रमवारी लावताना यूट्यूबवरचे व्ह्यूज धरायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात ‘हार्लेम शेक’ थेट पहिल्या क्रमांकावर आलं. आता ते कशामुळे आलं ते बघा. त्या क्लिपांचा साचा ठरलेला: पहिले पंधरा सेकंद खोलीत एकटाच माणूस, बहुतेकदा तोंडावर मुखवटा, नाचतोय आणि बाकीचे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बीट पडतो, कट होतो, आणि अख्खी खोली वेड्यासारखी अंगविक्षेप करतेय. पुढचे पंधरा सेकंद तेवढंच. अशा क्लिपा लोकांनी घरी, ऑफिसात, वर्गात हजारोंनी बनवल्या आणि त्यांचेही व्ह्यूज गाण्याच्या खात्यात जमा झाले. म्हणजे तिथपर्यंत गाण्याला पोचवलं त्यातल्या अर्ध्या मिनिटाने. उरलेलं गाणं किती जणांनी ऐकलं असेल?

त्याच सुमारास वाइन हे व्हिडिओचं अ‍ॅप आलं, सहा सेकंदांची मर्यादा घेऊन, आणि चार वर्षांत गेलंही. मग टिकटॉकने एक बारीक पण जबरदस्त सोय केली: दुसऱ्याच्या व्हिडिओतला आवाज एका बोटाने उचलून आपल्या व्हिडिओला लावायचा. पूर्वी क्लिप फॉरवर्ड व्हायची, आता ती दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा बोलली जाऊ लागली. २०२० मध्ये एक माणूस स्केटबोर्डवरून जाता जाता बाटलीतून ज्यूस पितोय, मागे फ्लीटवुड मॅक या बँडचं ‘ड्रीम्स’ वाजतंय, अशी एक निवांत क्लिप पसरली आणि १९७७ चं ते गाणं ४३ वर्षांनी पुन्हा क्रमवारीत दिसायला लागलं. बँडच्या ड्रमरने स्वतः तीच क्लिप करून टाकली. हे मला मनापासून आवडलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. कंपनीने पैसे ओतून असं काही घडवता येत नाही. नंतर प्रयत्न पुष्कळांनी केले म्हणा.

टीव्ही संपला का, असंही तुम्ही विचारलंय. संपला नाही, पण त्याची काम करण्याची पद्धत बदलली. अमेरिकेतले रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम बघा. गाडी चालवता चालवता पाहुण्याबरोबर गायचं, असला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतंत्र क्लिप म्हणून चालावा अशाच बेताने बेतलेला असायचा. सिनेमाच्या ट्रेलरआधी पाच सेकंदांचा ट्रेलरचाच ट्रेलर असतो, कारण जाहिरात म्हणून लागली तर पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं. आणि बातम्यांत कुणीतरी फोन उभा धरून काढलेलं चित्रण आडव्या पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना त्याचंच धूसर, फुगवलेलं रूप भरतात ना? त्या दोन धूसर पट्ट्या म्हणजे टीव्हीने घातलेलं लोटांगण आहे, असं मी गमतीने म्हणतो.

एक अवांतर. एडिसनच्या स्टुडिओत १८९४ मध्ये शिंकणाऱ्या माणसाचं काही सेकंदांचं चित्रण केलं होतं. तेव्हाच्या कायनेटोस्कोप नावाच्या यंत्रात एका वेळी एकानेच डोळा लावून बघायचं. सगळ्यांनी अंधारात एकत्र बसून बघणं त्यानंतर आलं. फोनमध्ये मान घालून कुणाचीतरी शिंक बघणारे आपण तिथेच परत आलोय.

आता यातली बोचणारी बाजू, माझ्याच टेबलावरची. एका ज्येष्ठ संगीतकारांची सत्तर मिनिटांची मुलाखत माझ्याकडे आली होती. त्यात ते म्हणाले, ‘आजची गाणी दोन दिवस टिकत नाहीत.’ मग श्वास घेतला. टाइमलाइनवर आवाजाची रेघ तिथे सपाट दिसते, साधारण एक सेकंदभर. मग म्हणाले, ‘पण आमच्या वेळचीही बहुतेक टिकली नाहीत. टिकलेली तेवढीच आपण ऐकतो, म्हणून तो काळ मोठा वाटतो.’ बोलण्यातलं सोनं दुसऱ्या वाक्यात होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मी कट त्या सपाट जागेवर मारला. पहिलं वाक्य टोचतं, दुसरं विचार करायला लावतं, आणि टोचणारं चालतं, हा धंद्यातला साधा हिशेब. खाली पूर्ण मुलाखतीची लिंक दिली आणि मन मोकळं केलं.

दोन दिवसांत ती क्लिप एका वाहिनीवर, दोन्ही बाजूंना धूसर पट्ट्या लावून. ‘जुनं विरुद्ध नवं’ अशी चर्चा, चार खिडक्यांत चार माणसं. काही बातम्यांच्या साइटींनी तर त्या एका वाक्याचीच बातमी केली. म्हातारा चिडका आहे, जळतो, असं वाट्टेल ते लोक त्यांना बोलले. लिंकवरून पूर्ण मुलाखतीकडे गेलेल्यांचा आकडा मी रोज बघत होतो. तो इतका किरकोळ होता की वरिष्ठांना दाखवायचीही लाज वाटली. मी संगीतकारांना फोन करून माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, ‘तुमचं कामच आहे ते.’

आठ-नऊ महिन्यांनी ते पुन्हा रेकॉर्डिंगला आले. विषय निघालाच. या वेळी ते म्हणाले, ‘आमच्या वेळचीही बहुतेक गाणी टिकली नाहीत आणि आजचीही बहुतेक टिकणार नाहीत’, सगळं एका दमात, मध्ये श्वास न घेता. मी ती जागा चार वेळा मोठी करून बघितली, रेघ कुठेच सपाट होत नव्हती. शेवटी तुकडा आहे तसा ठेवला. फारसा चालला नाही.