भाऊबीजेचं जेवण: शेवटचा तास मोकळा ठेवा

भाऊबीजेला पंधरा माणसं आहेत. श्रीखंड-पुरी, मसालेभात, अळुवडी, बटाट्याची भाजी आणि कोशिंबीर असा बेत आहे. करणाऱ्या आम्ही दोघीच. कुठला पदार्थ गाळू?

एकही गाळू नका. जेवणाआधीच्या तासात गॅसवर फक्त पुऱ्या आणि वड्या राहतील, एवढं जमवा. श्रीखंड दोन दिवस आधी करा. अळूचे उंडे आदल्या दिवशी उकडून अख्खेच फ्रिजमध्ये ठेवा. गार उंड्याच्या वड्या सुबक कापल्या जातात. बटाटेही आदल्या रात्रीच उकडा, म्हणजे फोडी मोडत नाहीत. काकडी चोचवून, पिळून ठेवा. दही, मीठ आणि फोडणी ऐनवेळी. आणि दोघीच का? पुऱ्या तळायला दादाला बोलवा, भाच्यांना पानं घ्यायला सांगा.

श्रीखंड दरवेळी सैल होतं. साखर तर मोजून घालते.

चक्क्यात पाणी राहतं, हे खरं कारण. साखर विरघळली की ते आणखी सैल पडतं. दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच रात्रभर टांगा. बाहेर टांगलं तर आंबट होतं. चक्का फडक्याला न चिकटता गोळा होऊन सुटला की झाला. पंधरा जणांना 1 किलो चक्का आणि 700 ते 750 ग्रॅम साखर पुरे. दोन्ही कालवून तासभर ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सर लावू नका, त्याने हमखास पातळ होतं. तरीही सैल झालंच तर थोडा घट्ट चक्का मिसळा, नाहीतर ताक घालून सरळ पियुष करा.

दोन वाट्यांचा मसालेभात छान होतो, पाच वाट्यांचा गिचका. असं का?

पाण्याचं प्रमाण तेच ठेवल्यामुळे. तांदूळ अडीचपट झाले म्हणून वाफेवर उडणारं पाणी अडीचपट होत नाही. कोलमच्या 5 वाट्यांना 10 ऐवजी 9 वाट्या पाणी घ्या, तेही उकळतं. आंबेमोहोर या भाताला नको, तो चिकट होतो. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. फोडणीत तोंडली परतली की तांदूळ घालून तीन-चार मिनिटं परता, वाटीला एक चमचा गोडा मसाला घाला. पातेलं उंच नको, पसरट हवं. उंच पातेल्यात वरच्या भाराने तळचा भात दबतो. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की झाकण घाला, पातेल्याखाली तवा सरकवा, आच मंद करा. त्यानंतर ढवळायचं नाही. जेवणाआधी तासभर उतरवा. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

पुऱ्या तेल पितात, निम्म्या फुगत नाहीत.

कणीक सैल असणार, किंवा तासन्‌तास मुरलेली. 1 किलो कणकेत दोन मोठे चमचे बारीक रवा आणि थोडं मोहन घालून घट्ट भिजवा, वीस मिनिटांत लाटायला घ्या. यात साधारण साठ पुऱ्या होतात, माणशी चार. पिठी लावू नका. ती तेलात जळून काळा गाळ होतो. पोळपाटाला तेलाचं बोट पुरतं. कडा जाड राहिल्या किंवा लाटलेली पुरी वाळली की ती फुगत नाही, म्हणून ओल्या फडक्याखाली सुट्या ठेवा. कणकेची गोळी टाकताच वर आली पाहिजे, त्याआधी पुरी सोडू नका. वड्या या कढईत तळू नका, त्यांचे तीळ आणि बेसन तेलात करपतात. तव्यावर थोड्या तेलात खरपूस भाजा.