इलेक्ट्रॉनमध्ये ऋण प्रभार भरला कुणी?

तुमचा प्रश्न: इलेक्ट्रॉनमध्ये ऋण आणि प्रोटॉनमध्ये धन प्रभार नेमका भरला कुणी? यातला ‘भरला’ हा शब्द आधी काढून टाकू या, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

फुगा केसांवर घासला की इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून फुग्याला प्रभार ‘मिळतो’. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. प्रभार काढून घेतलेला इलेक्ट्रॉन असूच शकत नाही. एखादा कण विद्युतचुंबकीय क्षेत्राशी किती घट्ट बांधलेला आहे, त्याचं माप म्हणजे प्रभार. धन-ऋण ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केली. ती उलटी असती तरी निसर्गाचं काही बिघडलं नसतं.

प्रोटॉनचा हिशेब मांडता येतो. त्यात क्वार्क नावाचे आणखी लहान कण असतात: दोन ‘अप’ जातीचे (प्रत्येकी +२/३) आणि एक ‘डाउन’ जातीचा (−१/३), मिळून +१. न्यूट्रॉनमध्ये एक अप, दोन डाउन, म्हणून शून्य. पण शून्य म्हणजे आत काहीच नाही असं नव्हे: न्यूट्रॉन इवल्याशा चुंबकासारखा वागतो, ते आतल्या प्रभारांमुळेच.

नवा प्रभार एकटा कधी जन्मत नाही. गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन निर्माण झाला की सोबत पॉझिट्रॉन, म्हणजे तेवढ्याच धन प्रभाराचा त्याचा जुळा, येतोच. न्यूट्रॉनचा ऱ्हास झाला तर प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रभारहीन अँटिन्यूट्रिनो मिळतात. बेरीज पुन्हा शून्य. एकूण प्रभार कधी बदलत नाही, या अक्षय्यतेमागे क्षेत्राची सममिती (काही बदल केले तरी नियम तेच राहण्याचा गुण) आहे, आणि सममितीतून अक्षय्यता कशी निघते हे गणितज्ञ एमी नोएथरने १९१८ साली दाखवलं.

मला वर्षानुवर्षं छळणारा प्रश्न मात्र पुढचा आहे. प्रोटॉन तीन क्वार्कांचा, इलेक्ट्रॉन आपल्या माहितीप्रमाणे अविभाज्य. वस्तुमानात सुमारे १८३६ पट फरक. तरी दोघांचे प्रभार इतके तंतोतंत सारखे कसे? फरक असलाच तर तो १०²¹ भागांत एका भागाहून कमी आहे, असं प्रयोग सांगतात. प्रत्येक क्वार्क तीन ‘रंगां’त येतो (हे नुसतं प्रकारांचं नाव, डोळ्यांना दिसणारे रंग नव्हेत); म्हणून अप आणि डाउन मिळून ३ × (२/३ − १/३) = १, आणि त्यात इलेक्ट्रॉनचा −१ मिळवला की शून्य. ही बेरीज शून्य नसती तर कणांविषयीच्या आजच्या सिद्धांताचं गणितच विसंगत ठरलं असतं. पण प्रभार ठरावीक हिश्श्यांतच का येतो, याचं पक्कं उत्तर यातून मिळत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने १९३१ साली एक वाट दाखवली: विश्वात कुठेही एकच एकध्रुवी चुंबक (फक्त उत्तर किंवा फक्त दक्षिण ध्रुव असलेला) असेल, तर प्रत्येक प्रभार ठरावीक हिश्श्यांतच असायला हवा. असा चुंबक अजून सापडलेला नाही.